कळंब तालुक्यातील उभ्या सळया : स्थिती आणि भवितव्य

कोणत्याही देशाची प्रगती त्याच्या पोलादावरून ओळखावी, याबाबत जाणकारांत दुमत नाही. दुमत आहे ते हे पोलाद नेमके पाहायचे कुठे, याबाबत. काही तज्ज्ञ कारखान्यांच्या भट्ट्यांकडे पाहतात, काही शेअर बाजाराकडे. दोघांचीही मान चुकीच्या दिशेला वळलेली आहे. वेगाने वाढणाऱ्या देशाच्या पोलाद उद्योगाचे भवितव्य ज्याला पाहायचे असेल त्याने यवतमाळ जिल्ह्यात यावे, कळंबला बसमधून उतरावे आणि वर पाहावे. (खाली पाहू नये. खाली नाली आहे आणि तिच्यावरचे झाकण लोखंडाचे असल्यामुळे ते आता तिथे नाही.)

वर पाहिले की प्रत्येक घराच्या गच्चीवर, प्रत्येक कॉलममधून, चार-पाच फूट उंचीच्या सळया आभाळाकडे निघालेल्या दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटते, बांधकाम अर्धवट राहिले. तसे मुळीच नाही. बांधकाम केव्हाच पूर्ण झाले, गृहप्रवेश झाला, जेवणावळ उठली. या सळया वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या आहेत. वरचा मजला कधी होणार, हा प्रश्न मात्र आमच्याकडे विचारत नाहीत. पेरणी चालू असताना उतारा किती येईल असे विचारण्याइतकेच ते अशुभ मानले जाते.

मी स्वतः सायकलवरून केलेल्या पाहणीनुसार (पाहणीला शासनाची मान्यता नाही आणि सायकलला ब्रेक नाही) आमच्या रस्त्यावरील शंभर घरांपैकी एक्याऐंशी घरांवर उभ्या सळया आहेत. वरचा मजला प्रत्यक्षात बांधलेली घरे चार. त्या चारही घरांच्या वरच्या गच्चीतून पुन्हा सळया निघालेल्या आहेत. मागणी कायम आहे असे उद्योगजगतात म्हणतात ते हेच.

दरम्यानच्या काळात पोलाद रिकामे बसत नाही. त्याला दोरी बांधून गोधड्या वाळतात, डिश अँटेना टेकते, विजेची तार विसावते. रामनवमीला वामनराव गावंड्यांच्या सळईवर भगवा लागतो आणि चौदा एप्रिलला समोरच्या देवरावांच्या सळईवर निळा, आणि दोन्ही दिवशी शिडी देवरावांचीच असते, कारण दोघांनीही जिना वरच्या मजल्यासोबत बांधायचे ठरवले आहे. गंज लागू नये म्हणून सळयांच्या टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घालतात. कोणाच्या बाटल्या कोणत्या प्रतीच्या आहेत यावरून घराच्या आतल्या गोष्टीही कळतात, पण तो या आढाव्याचा विषय नाही.

न बांधलेला मजला हा आमच्याकडे घराचा सर्वांत वापरातला भाग आहे. पाहुण्यांना जागा नसेल तर "वर झालं की सोय होईल" असे सांगून त्यांना बसस्थानकापर्यंत सोडता येते. वामनरावांचे धाकटे भाऊ वाटणीच्या वेळी वरच्या मजल्यातल्या पूर्वेकडच्या खोलीसाठी तीन महिने बोलत नव्हते. शेवटी चार जणांनी बसून त्यांना दोन कॉलम दिले. खोली सध्या हवेत आहे, पण उजेड भरपूर येतो, याबाबत दोन्ही भावांचे एकमत आहे.

या पोलादाची खरी किंमत लग्नाच्या बाजारात कळते. वामनरावांचा मुलगा अंकुर एकतीस वर्षांचा, निर्व्यसनी, पाच एकरांत कपाशी आणि तूर करणारा. म्हणजे लग्नाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. पोरीचे बाप शेतीचे नाव निघाले की चहाचा कप अर्धा ठेवून उठतात. तिसरा नकार आला तेव्हा वामनरावांनी एक धाडसी औद्योगिक निर्णय घेतला. गच्चीवरच्या सळयांना जोड देऊन त्यांनी त्या नऊ फुटांवर नेल्या. एका मजल्याचे भविष्य न दिसणाऱ्या व्याह्याला दोन मजल्यांचे दिसेल, असा त्यामागे विचार होता.

हा खर्च न्हाणीघरासाठी ठेवलेल्या पैशातून झाला. घरामागे तीन टिनपत्रे आणि दाराच्या जागी एक जुने लुगडे, अशी गावंड्यांची न्हाणी होती. वामनरावांच्या पत्नी इंदुताई अकरा वर्षांपासून पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, एका हाताने ते लुगडे धरून, दुसऱ्या हाताने आंघोळ करीत होत्या.

"अवो, पह्यले न्हाणी बांधा," त्या म्हणाल्या. "येनारी पोरगी आंघोय काय सळाखीले लटकून करन?"

"न्हाणी मांगं असते," वामनराव म्हणाले. "रस्त्यावरून दिसते का?"

या युक्तिवादाला अर्थशास्त्रात आजवर उत्तर सापडलेले नाही. इंदुताईंनाही सापडले नाही. सळयांना जोड बसला.

निर्णय अचूक ठरला. बाभुळगावचे सुनीलराव आपल्या मुलीसह घर पाहायला आले. (मुलगीच घर पाहायला येते हा नवीन पायंडा आहे. त्याचे पोलादावरील परिणाम पुढे येतील.) सुनीलराव दारात आलेच नाहीत. ते रस्त्यावर उभे राहिले, कपाळावर आडवा हात धरला आणि सावकाश डावीकडून उजवीकडे सगळे कॉलम पाहिले. मग म्हणाले, "लय पुढचा इचार हाये तुमचा." वामनरावांनी नम्रपणे खाली पाहिले. त्या क्षणी देशाच्या पोलाद उद्योगाला काहीही कमी नव्हते.

मुलगी प्रेरणा. बाभुळगावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे वरून दिसणाऱ्या गोष्टींवर तिचा फारसा विश्वास नाही. तिने इंदुताईंना हळूच विचारले, "काकू, बाथरूम कुठं हाये?" इंदुताई तिला मागे घेऊन गेल्या. तिथे काय बोलणे झाले ते कळले नाही. दोघींना यायला वेळ लागला एवढे मात्र दिसले.

नंतर मुलामुलीला रीतसर पाच मिनिटे बोलायला दिली. अंकुरने पाठ केले होते त्याप्रमाणे वरच्या मजल्याचा नकाशा सांगायला सुरुवात केली. प्रेरणाने त्याला थांबवले.

"सळाखी आमच्या घरावर बी हायेत. लहानपनापासून मी त्याच्यावर कपडे वाळवून राह्यली. मले वर काई नाई पाह्यजे. आतून कडी लागते असं बाथरूम पाह्यजे. तुमच्या आईले बी पाह्यजे, त्यायनं कधी म्हनलं नसन तरी."

"अन् ते झालं तं?"

"तं माहा होकार समजा."

अंकुरने यावर जे केले ते भावनेच्या भरात केले, हे नमूद करणे भाग आहे. पुढच्याच आठवड्यात वामनराव दोन दिवसांसाठी घाटंजीला बहिणीकडे गेले. अंकुरने मारोती मिस्त्रीला बोलावले आणि दुपारपर्यंत गच्चीवरची एकूण एक सळई कापून खाली घेतली. नऊ फुटांच्या सळया अर्ध्या केल्या की साडेचार फुटांच्या होतात आणि चार फुटी न्हाणीघराच्या छतात बेतशीर बसतात. मारोतीने उधारीच्या विटांनी भिंती उचलल्या, ब्रशने गंज घासला, जाळी बांधली, स्लॅब ओतला. तालुक्यात उभ्या सळईचा बांधकामासाठी उपयोग झाल्याची ही पहिलीच घटना असावी. मारोती स्वतःही दोनदा विचारून गेला की नक्की करायचे ना.

वामनराव परतले तेव्हा स्वतःच्या घरावरून सरळ पुढे निघून गेले. वळून आले, पुन्हा पाहिले आणि देवरावांच्या ओट्यावर बसले. "भर रस्त्यावर टक्कल करून टाकलं मले," एवढेच ते म्हणाले. आठवडाभर ते मागच्या गल्लीतून येत-जात होते. त्यांचे दुःख खरे होते. अकरा वर्षे ते रोज संध्याकाळी खाली खाटेवर पडून त्या सळयांकडे पाहत आणि मनातल्या मनात वरचे दिवे लावत.

स्लॅब पक्का झाल्यावर दार बसले. इंदुताई पहिल्यांदा आत गेल्या, त्यांनी कडी लावली आणि बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते. साबण गेला म्हणाल्या. मला फार बरे वाटले. उद्योगाच्या आढाव्यात ही नोंद बसत नाही, तरी करून ठेवतो.

बाजाराची प्रतिक्रिया मात्र तीव्र होती. गच्ची मोकळी दिसताच दिवस मावळण्यापूर्वी खालील माहिती प्रसृत झाली : वामनराव बुडाले, घर विकले, भावांत मारामारी झाली, अंकुरला कसला तरी आजार आहे. न्हाणीघर बांधले, ही बातमी कोणीही दिली नाही. ती पटण्यासारखी नव्हती.

दार बसल्याच्या चौथ्या दिवशी सुनीलराव आले. मोटारसायकलवर बसूनच त्यांनी वर पाहिले. अंकुरने त्यांना मागे नेले. त्यांनी नळ फिरवला, फरशीवर पाय घासला, आत जाऊन कडीसुद्धा लावून पाहिली. बाहेर आले आणि मनापासून म्हणाले, "बाथरूम एक नंबर हाये. पन वामनराव, पुढं काई दिसून नाई राह्यलं." आणि सोयरीक थांबली.

घरी प्रेरणा त्यांना म्हणाली, "बाबा, तुमाले ते घर रस्त्यावरून पाह्यचं हाये. मले तिथं राह्यचं हाये."

सुनीलराव वाईट माणूस नाहीत. पोरीवर त्यांचा जीव आहे आणि ती खरे बोलते हे त्यांना कळते. म्हणूनच त्यांनी ठरवले की चार शहाण्या माणसांना विचारावे. शिक्षक, डॉक्टर, कृषी केंद्रवाले, वकील, दोन निवृत्त अधिकारी, असे करीत त्यांनी एकतीस जणांना विचारले. प्रत्येकाने अंकुरच्या हिमतीला दाद दिली. प्रत्येकाने इंदुताईंबद्दल हळहळ व्यक्त केली. मग सुनीलरावांनी विचारले, "तुमची पोरगी असती तं देली असती?" यावर एकतीस जणांनी चहा मागवला.

आता एका मतावर गाडी अडली आहे आणि त्यासाठी मी तुमचे नाव सुचवले आहे. तुम्ही इथवर वाचत आलात, वामनरावांना हसलात, प्रेरणाच्या बाजूने झालात, तेव्हा माणूस योग्य आहे याबद्दल मला शंका नाही. सुनीलराव उद्या सकाळी तुमच्या घरी येतील. प्रश्न प्रेरणाबद्दल नसेल, तुमच्या घरातल्या मुलीबद्दल असेल. मुलगा शेती करतो, पाच एकर. घर एकमजली, वर काहीही नाही. न्हाणीघराला आतून कडी आहे. प्रेरणा तुमच्या उत्तरासाठी थांबली आहे. फक्त "विचार करून सांगतो" असे म्हणू नका. एकतीसही जणांनी सुरुवात तशीच केली होती.