कॅटाल्पाचा अपुरा कागद

आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे बोडस पाहुण्याला वामकुक्षीचा फार आग्रह करीत. सांगलीतल्या त्यांच्या खोलीवर मीही एकदा त्या आग्रहाला भुललो. कूस बदलली की अंथरूण कुरकुरे. उठल्यावर बोडसांनी गादी उचलली, खालच्या रद्दीतून चपटी झालेली फांदी काढली आणि खूश होऊन म्हणाले, "वा! तुमच्यासारखं वजन गावात दुसरं नाही."

वाळलेली फांदी ते जाड कागदावर टाके घालून बसवत आणि कोपऱ्यात चिठ्ठी डकवत: झाडाचं नाव, गाव, तारीख, कोणी तोडली. "चिठ्ठी नाही तर झाड नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकटा जीव सदाशिव! छत्रीलाही चिठ्ठी होती. तरी छत्री हरवलीच.

त्यांचा जीव मात्र एकाच कागदात अडकला होता. कॅटाल्पा नावाचं परदेशी झाड कोरेगावजवळच्या एका मळ्यात वाढतंय, असा त्यांना शोध लागला होता. सुपाएवढी पानं कागदावर चढली, पण झाडाला फूल येईना. "फुलाशिवाय कागद म्हणजे मुंडावळ्या आहेत, नवरा नाही!" असं ते वर्गातसुद्धा सांगत.

दुसरी मोठी लढाई संपून चार वर्षं झाली आणि मळ्यातून कार्ड आलं, झाडाला फूल आलंय. बोडसांनी मला आगगाडीत कोंबलं. झाडाला एकच घोस होता, पांढरा, आत जांभळे ठिपके. बोडसांनी कात्री काढली, तेवढ्यात मळ्यातली म्हातारी पुढे आली.

"तोडा की सायेब, लय लांबनं आलाय तुमी. पर माजं पोरगं परवा पलटणीतनं रजेवर येतंय. बी त्यानंच धाडलंतं, लढाईत इटलीला हुता तवा. फूल न्हाई बघितलं त्यानं अजून."

हा माणूस देवळातली फांदीसुद्धा न विचारता तोडणारा! पण त्यांनी घोसाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि कात्री पिशवीत टाकली.

"परवापर्यंत टिकेल हो आजी," ते म्हणाले.

परतताना गाडीतच त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'फूल पाहिले. तोडले नाही. मुलगा यायचा आहे.' मग खिडकीबाहेर बघत मला विचारलं, "आपण येणार म्हणून कुणी काही राखून ठेवलं, की कसं वाटत असेल हो?"

 

पुढच्या रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. त्यांना तासभर उशीर झाला. हिनं त्यांचं ताट झाकून ठेवलं होतं. बोडस पाटावर बसले, पण झाकण काही काढेनात.

"जरा वेळ असंच असू द्या," म्हणाले.