सुषमा मॅडमचं बहुमत

सुषमा मॅडमच्या हाताशी वीस मुलं होती आणि नोकरी टिकायला वीसच लागत होती. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातला एक जरी सटकला की राज्यशास्त्राचा मायनर बंद, आणि मायनर बंद झाला की तासिका तत्त्वावरच्या सुषमा मॅडमही घरी.

मायनर म्हणजे जोडविषय. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात ही मुलं मुळात कॉमर्सची. दुसऱ्या वर्षाला त्यांच्या गळ्यात एक परका विषय बांधायचा, असा नवा नियम. आता कॉमर्सच्या पोरांना राज्यशास्त्र काय आणि मानसशास्त्र काय, दोन्ही सारखीच पीडा! ज्या वर्गात हजेरी ढिली, तो विषय आवडीचा. म्हणून मॅडम प्रचाराला निघाल्यासारख्या कँटीनमध्ये टेबलाटेबलावर फिरायच्या.

यंदा आडवे आले मानसशास्त्राचे हेमंत सर. नोकरी कायमची, स्वभाव गोड, खिसा सैल. त्यांनी नेमक्या त्याच मुलांना गाठून दाल-पकवान खाऊ घातलं.

“मॅडम, आम्ही तुमचेच,” किर्ती म्हणाली. ती त्या विसांची पुढारी. “पण सर बोलले, सायकॉलॉजीला असाइनमेंट एकच. तुमच्या तीन.”

“मीही एकच देईन.”

“सर बोलले, प्रोजेक्ट ग्रुपमध्ये पण चालेल.”

“चालेल.”

“और हाजिरी का क्या, मॅडम?” राजरत्नने मागून विचारलं.

मॅडमनी हजेरीचंही कबूल केलं. वर्गात संविधान शिकवणारी बाई कँटीनमध्ये सौदा करतेय, याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण लाजेवर घर चालत नाही.

विषय निवडायचं पोर्टल शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होतं. शुक्रवारी कळलं, की हेमंत सरांनी मुलांना उद्या पुन्हा नाश्त्याला बोलावलंय. मॅडमचा धीरच सुटला. आमदार फुटायला लागले की आपल्याकडे काय करतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या तेच तर शिकवत होत्या. ‘ग्रामपंचायत अभ्यासदौरा’ म्हणून त्यांनी प्राचार्यांची परवानगी काढली, शनिवारी सकाळी विसांना भाड्याच्या गाड्यांत कोंबलं आणि बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाकडे, थेट आपल्या माहेरी नेलं. माहेरच का? तर तिथे फोनला रेंज नाही. हेमंत सर काय, ब्रह्मदेवाचाही फोन लागला नसता.

“गो सुषमे, ही पोरां कनाला आनलीस?” मॅडमच्या वडिलांनी, आण्णांनी, विचारलं.

“सांभाळायची आहेत आण्णा, संध्याकाळपर्यंत.”

“बकऱ्या हायेत का, पलून जायला?”

“बकऱ्या परवडल्या!”

दुपारी गावठी कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. पोरं अंगणात पत्ते कुटत बसली. मॅडम ओटीवर बसून पहारा देत होत्या. ऊन कललं तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. एकही फुटला नव्हता.

तेवढ्यात किर्ती हात पुसत आली. “मॅडम, फॉर्म कधी भरायचा?”

“कसला फॉर्म?”

“मायनरचा. आमच्यात कोणीच नाय भरलाय अजून. बोललो, सर अजून काय ऑफर देतात बघू, मग लास्टला भरू.”

मॅडम ओटीवरून ताडकन उठल्या. मतदार पळवून आणले होते आणि मतदानच राहिलं होतं!

“टेकरावं जा, आंब्याखाली,” आण्णा म्हणाले. “तटं फोनला येक दांडी मिलते.”

मग टेकडीवर अख्खी वरात निघाली. पुढे राजरत्न, मागे मुलं, त्यांच्यामागे साडी खोचून धापा टाकणाऱ्या मॅडम. पोर्टल उघडलं. त्याने ओटीपी मागितला. ओटीपी आला तेव्हा पोर्टल मिटलं होतं.

“सॉरी मॅडम,” किर्ती रडायला लागली. मग मॅडमनाही रडू फुटलं. पोरं बिचारी खाली उतरली.

सोमवारी मॅडम आपलं कपाट रिकामं करायला गेल्या, तर नोटीस बोर्डापाशी ही गर्दी. ज्यांनी विषय निवडला नाही, त्यांना पोर्टलने सगळ्यांत रिकाम्या विषयात आपोआप ढकललं होतं. सगळ्यांत रिकामा विषय अर्थातच राज्यशास्त्र. आळशी पोरांची कॉलेजात काय कमी? आकडा शंभरावर गेला होता. मॅडमनी कोपऱ्यावरून पेढे घेतले आणि धावत प्राचार्यांकडे गेल्या.

“अभिनंदन!” प्राचार्यांनी पेढा तोंडात टाकला. “फक्त एक झालंय मॅडम. हेमंत सरांकडे चारच मुली राहिल्या, त्यांचा विषय बंद. ते पडले कायम. आधी त्यांना तास द्यावे लागतात. तेव्हा राज्यशास्त्र आता तेच घेतील.”

“पण सर, त्यांना राज्यशास्त्र येतं का?”

“अहो, त्यात यायचंय काय? रोज पेपर वाचतात ते.” प्राचार्यांनी दुसरा पेढा घेतला.

पुढच्या आठवड्यात मॅडम बदलापुरात, कात्रपच्या आपल्या घरी वाल सोलत बसल्या होत्या. कॉलेजच्या वेळेला घरी बसायची सवय नव्हती, त्यामुळे घरच परकं वाटत होतं. फोन वाजला. हेमंत सर होते, आवाज अगदी पडलेला.

“मॅडम, राग मानू नका. ती किर्ती भर वर्गात उभी राहिली. म्हणते, सर, ज्याच्याकडे बहुमत तो बाहेर आणि ज्याच्याकडे कुणीच नाही तो आत, हे कुठल्या नियमात बसतं? शंभर पोरं माझ्या तोंडाकडे बघतायत हो. म्हटलं, उद्या सांगतो. काय सांगू?”

मॅडमनी वालाचं ताट बाजूला सरकवलं.

“खरं ते सांगा सर. म्हणावं, बहुमत मॅडमकडे होतं, खुर्ची मला मिळाली. एका तासात अख्खा पेपर समजेल त्यांना.”



“जरा हळू, मॅडम,” हेमंत सर म्हणाले. “लिहून घेतोय.”