कुसाकाबे यांच्या हमामखान्याची फत्ते

श्री ॥ मात्सुमोतो नगरी, चहूंकडे हिमाचे डोंगर, मध्ये काळा किल्ला, आणि किल्ल्याच्या छायेस कैलासवासी तेत्सुरो कुसाकाबे यांची दुमजली हवेली. तेथील हमामखाना कैसा अडला आणि त्यांच्या पत्नी मासाहेब फुमिए यांणी तो कैसा सोडविला, याची हकीकत पुसणारांनी पुसली, सबब जे घडले ते येथे लिहिले असे.

तेत्सुरोसाहेब वेबमुलखाचे मोठे मुलूखगीर. इंटरनेट नामे प्रांत नवा खुला जाहला तेव्हां बँकेच्या चाकरीस लाथ मारोन निघाले, आणि प्रथम लोणच्यांचा वेबबाजार मांडिला तो बुडाला, आणि मग घरपोच नूडलांचे ठाणे बसविले ते उठले, आणि मग बर्फात हरवलेल्या एकेकट्या हातमोज्यांची जोडी जुळविणारी वेबसाइट काढिली, तेथे जितके मोजे दाखल जाहले तितके डाव्या हाताचे निघाले. तरी हिंमत खचली नाही. शेवटी गावच्या दुकानदारांच्या वेबसाइटी राखण्याची जहागीर लाभली, तीवर घर चालले, आणि मग साहेबांनी घरच जिंकावयास घेतले. दिवे, पडदे, हमामखाना, सर्व एका यंत्राच्या हुकमतीखाली दिले. यंत्र पांढरे, वाटोळे, पावाएवढे. भिंतीवरील बटणे गेल्या शतकातली म्हणोन उखडली, भोके बुजविली, आणि यंत्राच्या मुखी स्वतःचा आवाज भरला. कोणास काही समजाविले नाही. समजाविणे साहेबांच्या स्वभावी नव्हते. मग शरदात साहेब एकाएकी निवर्तले. यंत्र राहिले.

नित्य प्रातःकाळी साहेबांच्या तसबिरीशेजारी ठेविलेल्या यंत्रातून त्यांचा आवाज फर्मावी की आज प्लास्टिकचा कचरा, आणि मासाहेब तसबिरीस वाकून कचरा बाहेर ठेवीत. परंतु हमामखाना तापेना. हिवाळा कडाक्याचा. मासाहेब रोज चढावरील सार्वजनिक हमामात जात, आणि एके दिवशी येता येता बर्फावर घसरोन मनगट मुरगळले. ही खबर तोक्योस जाताच कन्या नागिसाबाई मिळेल त्या गाडीने दाखल जाहल्या.

नागिसाबाईंनी प्रथम सामोपचार केला. यंत्रापुढे गुडघे टेकून अर्ज गुजारिला की तसदीची माफी असावी, आपण कामात असाल, तरी सवडीने टबात ऊन पाणी सोडण्याची मेहेरबानी व्हावी. यंत्र गप्प. मग अर्जास आणखी दोन आदरार्थी शेपटे जोडिली, आणि कपाळ चटईस टेकविले. यंत्र गप्प. अडचण आली की अदब वाढवावी हा या मुलखाचा रिवाज, आणि तोच येथे नडला.

मग मोरिवाकी नामे कारागीर पाचारण केला. तो यंत्र उघडोन, तारा चाचपोन, निवाडा देता जाहला की आतील सर्व पुसावे आणि नवे भरावे, सांजेस पाणी ऊन मिळेल. जुना आवाज मात्र जाईल.

"मग कचरा कोण सांगणार?" मासाहेब म्हणाल्या.

उबदार मेजाभोवती मसलत बसली. नागिसाबाईंनी पुष्कळ विनविले, रागेही भरल्या, की पुढील खेपेस मनगटावर निभावणार नाही, कंबर मोडेल. मोडू दे, ऐसे उत्तर आले. एकीकडे आईची हाडे, दुसरीकडे बापाचा आवाज, यांत निवड करणे नागिसाबाईंस प्राप्त जाहले, आणि त्यांणी हाडे निवडली, आणि तसबिरीकडे पाठ करोन मोरिवाकीस खूण केली.

मोरिवाकीने कळीवर बोट ठेविले, आणि रीत म्हणोन शेवटचे पुसले, "काकू, काका याला हाक काय मारायचे?"

"याच्याशी ते कधी बोललेच नाहीत. बोलायचे ते माझ्याशी."

"काय बोलायचे?"

मासाहेबांनी बाही तोंडाशी धरिली आणि हलकेच म्हणाल्या, "ओइ, अंघोळ. ओइ, दिवे. जन्मभर नाव नाही घेतलं माझं, नुसतं ओइ. मी उठून जायचे, तर पाणी आधीच सुरू असायचं. वाटायचं, मीच सोडलं आणि विसरले. म्हातारपण, दुसरं काय."

मासाहेबांचे गुडघे ज्या हिवाळ्यात धरले, त्याच हिवाळ्यात हे यंत्र घरी आले होते, हे नागिसाबाईंस तेव्हां स्मरले. मोरिवाकीने बोट उचलिले.

"आई, तुला नव्हते गं म्हणत. त्याला म्हणत होते. तू उठू नयेस म्हणून."

मग नागिसाबाईंनी गळ घातली की ओइ म्हणोन हा हल्ला आईनेच करावा. मासाहेबांनी साफ इन्कार केला, की ऐसा अरेतुरेचा शब्द कुळवंत स्त्रीच्या तोंडी येत नाही, मांजरासही आजवर म्हटला नाही.

"मग बाबांना म्हण."

मासाहेब उठल्या, कमरेचा पट्टा आवळिला, तसबिरीसमोर उभ्या राहिल्या, आणि जन्मभराचा दम एका श्वासात घेतला.

"ओइ! अंघोळ!"

तावदाने थरारली. मोरिवाकी अपराध नसता ताठ बसला. यंत्राचा दिवा उजळला, आणि तेत्सुरोसाहेबांचा आवाज आला, "हो हो, आलो." हयातीत हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकिला नव्हता. आणि मग आत पाण्याचा धबधबा सुरू जाहला.

मासाहेब ऊन पाण्यात गळ्यापर्यंत बसल्या, आणि फत्तेची चटक लागोन आतून दुसरा हुकूम सुटला.

"ओइ! चहा!"

यंत्र म्हणाले, "चहा मला जमायचा नाही, फुमिए."

आत पाण्याची चुळबुळ थांबली. हे उत्तर साहेबांनी कधी भरोन ठेविले, आणि कधी तरी ती हाक येईल ऐसा भरवसा त्यांस कैसा होता, हे कोणास ठाऊक नाही.

येणेप्रमाणे हमामखाना सर जाहला. मोरिवाकीस जेवू घालोन मानाने निरोप दिला. शत्रूकडील एक आवाज जिवंत हाती लागला. स्वकीयांपैकी जे पडले, ते मोहिमेपूर्वीच पडले होते. चहा नागिसाबाईंनी केला.