बाह्या नसलेला कोट

सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. पण वकीलबाई, तुम्ही हात पसरून उभ्या आहात, अंगावर कच्ची शिलाई आणि बावीस टाचण्या आहेत. ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही.

माझ्या ओळखीचा एक शिंपी आहे. अगदी माझ्यासारखा, फक्त जरा वेडा. त्याची बायको जाऊन पाच महिने झाले होते. गेल्या तीस वर्षांतल्या गिऱ्हाइकांची मापं तिने दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढवली होती आणि प्रत्येक मापापुढे स्वतःची टीप लिहिली होती. ‘डावा खांदा उतरता, बोलून दाखवू नये.’ ‘माप देताना पोट आत घेतो, दोन इंच जास्त धरणे.’ शेवटची नोंद शिंप्याचीच होती. ‘आमचे हे. कंबर वाढली आहे. सांगितलं तर रुसतात, म्हणून गुपचूप उसवून सैल करते.’ शिंपी रोज दुकान उघडल्यावर आधी ही ओळ वाचायचा, मगच कात्रीला हात लावायचा.

ते कॉम्प्युटरचं यंत्र रखडायला लागलं तेव्हा परगावी राहणाऱ्या त्याच्या मुलीने फोन करून मेकॅनिक धाडला. त्याने मापांना धक्का न लावता नवी सिस्टिम टाकून दिली. यंत्र कसं तरतरीत झालं! आणि दुसऱ्या दिवसापासून धाडकन बंद पडायला लागलं. आधी पडदा निळा व्हायचा, मग काळा, मग शिंप्याचा चेहरा. दिवसातून एकतीस वेळा, मोजून. समोरचा न्हावी त्यावर घड्याळ लावायचा.

मेकॅनिक आला. त्याने यंत्र सुरू केलं आणि तीन तास समोर बसून राहिला. यंत्र एकदाही बंद पडलं नाही.

“काका, हे तर ठणठणीत आहे.”

“तुमच्यासमोर शहाण्यासारखं वागतं. तुमची पाठ वळू द्या, मग बघा.”

पाठ वळली आणि अकराव्या मिनिटाला यंत्र बंद. मेकॅनिकने सिस्टिम पुन्हा टाकली, मेमरीची पट्टी काढून पुसून बसवली, वीजपुरवठ्याचा डबा बदलला. शेवटी यंत्र स्वतःच्या घरी नेलं. तिथे चार दिवस ते अखंड चाललं. परत दुकानात आणलं आणि पुन्हा तेच. बिचाऱ्याची मिशी त्या पंधरवड्यात पांढरी झाली. डावीकडची आधी.

“काका, स्पष्ट सांगतो. असं मध्येच बंद पडून पडून डिस्क खराब होते. अजून दोनचार झटके बसले तर मापांची फाइल उघडणार नाही. दुसरीकडे कॉपी करून घ्या.”

“दुसऱ्याने उतरवून घेतलेल्या मापावर मी कधी कापड कापलेलं नाही.”

“अहो, पण सगळं जाईल!”

शिंपी कापड कापायला वळला. दुसऱ्या दिवशी ती शेवटची ओळ वाचता वाचता पडदा निळा झाला. पुन्हा उघडली तर ‘आमचे हे’ एवढंच शिल्लक होतं, पुढे नुसते चौकोन. शिंपी त्या चौकोनांकडे दुपारपर्यंत बघत बसला. मग त्याने मेकॅनिकला फोन केला. “या. काय ती कॉपी करा.”

त्या दिवशी थंडी अशी, की इस्त्रीची वाफ गोठून खाली पडत होती. मेकॅनिक कुडकुडत आत आला. त्याने दांडीवरच्या कोटांमधून हाताला लागला तो एक राखाडी कोट ओढला आणि बाही शोधायला लागला. ही बाजू झाली, ती बाजू झाली.

“काका, याला बाह्या कुठायत?”

“ठेवा तो. तुमचा नाही. त्याचा आहे.”

“कुणाचा?”

शिंप्याने टेबलाखालच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

बायकोसाठी त्याने लोकरीचा कोट कापला होता. ट्रायलला ती थांबली नाही. नवी सिस्टिम आली त्या दिवशी शिंप्याने त्याच कापडाचा यंत्राला कोट शिवला. आतून अस्तर, चहूबाजूंनी अंगाबरोबर, सुईला वाव नाही. मेकॅनिक आला की शिंपी तो काढून दांडीवर टांगायचा. माप घेताना कोट उतरवायचा, हा धंद्याचा नियम.

“म्हणजे चालू असतानाही हे अंगावर असतं?” मेकॅनिकचा आवाज चिरकला.

“मग काय ऐन थंडीत काढू?”

“अहो, पंख्याचं तोंड बांधलंत तुम्ही! गुदमरतंय ते!”

शिंपी खाली बसला. वरचं कापड तिचं, आतली अक्षरंही तिची, आणि आपणच एकाने दुसऱ्याचा गळा आवळत होतो, हे त्याला तेव्हा कळलं. मेकॅनिकने उरलेली मापं उतरवून घेतली. ती ओळ काही परत आली नाही.

मग शिंप्याने काय केलं? काळीज घट्ट केलं, मोठी कात्री घेतली आणि त्या कोटाच्या चिंध्या चिंध्या केल्या. तेव्हापासून यंत्र उघडं आहे. शिंपीही सावरलाय. त्या कोटाची त्याला आता आठवणसुद्धा—

“खोटं,” वकीलबाई म्हणाल्या.

“काय खोटं? हात खाली नका घेऊ.”

“मघापासून तुमच्या टेबलाखाली बघतेय मी. राखाडी कोट आहे. पाठीला पंख्याएवढं गोल भोक, आणि त्याच्या कडेने हाताने घातलेलं काज. एवढं मोठं काज, काका, चिंध्यांना कोण करतं?”