सुमतीबाईंचे दूरचे मामंजी

नॉटिंगहॅमच्या दफ्तरखान्यातील कारकून सुमतीबाईंना दीड महिना मुक्या समजत होता. तो नाव विचारी. त्या पर्समधून चिठ्ठी काढून पुढे सरकवीत. तोही बिचारा हातवारे करून उत्तर देई. शेवटी एके दिवशी त्यांनी अस्सल तिथल्या बोलीत हीटिंग वाढवायला सांगितले, तेव्हा त्याच्या हातातली पेन्सिल गळाली.

कारण साधे होते. पतीचे नाव घ्यायचे नाही, हा साताऱ्याहून आणलेला नेम या निवृत्त नर्सबाईंनी इंग्रज पतीच्या संसारात चाळीस वर्षे पाळला. त्या घराण्यात थोरल्या मुलाला पिढ्यान्‌पिढ्या तेच नाव. म्हणून शोध ज्या पूर्वजाचा, त्याचेही तेच. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत, साडेतीनशे वर्षांपूर्वी, तो शिपाई म्हणून गेला आणि परतला नाही.

पती वारल्याला वर्ष झाले, तेव्हा श्रावणात त्या माझ्याकडे आल्या. मी मुलाकडे राहून येथल्या मराठी मंडळींची धर्मकृत्ये करतो.

"शास्त्रीबुवा, सर्वपित्रीला ह्यांना तिलोदक द्याल ना?"

अवश्य, म्हटले, गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणण्याची सोय आहे.

"त्या मामंजींनाही द्यायचं. पण ते लढाईत गेले की पळाले, ते आधी कळू दे."

"आजवर हयात असण्याचा संभव अल्प आहे," मी म्हणालो.

"थट्टा नको. घरात त्यांना पळपुटा म्हणत. ह्यांना ते फार लागायचं."

मग रोज सकाळी "सासरी जाते" म्हणून त्या बस पकडू लागल्या. शिपायांच्या याद्या वाचताना डोक्यावर पदर घेत. संध्याकाळी मला विचारीत, "मामंजी कुठल्या पानावर असतील, सांगता येतं का?"

अमावास्येच्या आदल्या दिवशी त्या झेरॉक्स घेऊन आल्या. एका विधवेचा न्यायाधीशांपुढचा अर्ज: पती पार्लमेंटच्या बाजूने लढताना पडला, लेकरांना आधार द्यावा. सहीच्या जागी फुली.

"बघा, बाईनं चारचौघांत नाव घेतलं, म्हणून सापडले," त्या म्हणाल्या. "गप्प बसती, तर पळपुटेच राहते."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या परसात मी दक्षिणेकडे तोंड करून बसलो. शिपायाच्या नावाच्या चिठ्ठीसाठी हात पुढे केला. चिठ्ठी आली नाही.

"रॉबर्ट," त्या म्हणाल्या.

मी तीळ-पाणी सोडले. आता पतीचे नाव. मला ते ठाऊक होते, तरी विचारले.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग पुन्हा, "रॉबर्ट." या वेळी हळू, आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसे.