दाढेची मुलाखत

"यात चूक व्हायला जागाच नाही," असं ताईने जाहीर केलं, तेव्हा आईने हातातलं इस्त्रीचं काम थांबवून तिच्याकडे काळजीने बघितलं.

ताईला खरं म्हणजे धाकटं भावंड एकही नव्हतं. पण चारचौघांना शिस्त लावायची तिची सवय इतकी जुनी की आईबाबांपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. ती खोकी बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती. खोकं म्हणजे चार भिंती आणि वर झाकण, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी ती फार वेळ बोलत नसे. काचेचे दिवे, औषधाच्या बाटल्या, नाजूक यंत्रं यांच्यासाठी खोकं आखायचं, ते उंचावरून आपटायचं, आतला माल फुटला की पुन्हा आखायचं, हा तिचा उद्योग. परदेशातल्या एका विद्यापीठात याच विषयाची एम.एस. करता येते असं कळल्यापासून तिला झोप नव्हती. अर्ज झाला, निबंध झाले, इंग्रजीची परीक्षा झाली. उरली होती फक्त मुलाखत. गुरुवारी दुपारी तीन वाजता, कॉम्प्युटरवरून.

अडचण एकच होती. साहेब.

साहेबांनी कंपनी शून्यातून उभी केली होती, आणि कोणी नोकरी सोडली की त्यांना घर फुटल्यासारखं वाटे. ताईच्या आधीचा डिझायनर परदेशी निघून गेला, त्याचा उल्लेख ते आजही 'तो' असाच करत आणि मग दिवसभर कोणाशी बोलत नसत. ताईचं तिकडे काही जमलं नाही आणि इकडे साहेबांना सुगावा लागला, तर तेलही जाणार होतं, तूपही जाणार होतं आणि हातात धुपाटणंसुद्धा उरणार नव्हतं. म्हणून तिने दाढ दुखायची योजना केली. गुरुवारी एकाएकी दुखली तर संशय येईल, म्हणून तिने सोमवारपासूनच पायाभरणी केली. सोमवारी गाल धरून बसली. मंगळवारी ओढणी जबड्याखालून डोक्यावर बांधून आली. बुधवारी ती बोलेनाशीच झाली. साहेब इतके हळहळले की तिच्या वाटणीचे सगळे फोन त्यांनी स्वतः घेतले आणि गुरुवारची रजा न मागता देऊन टाकली.

घरची जबाबदारी बाबांनी उचलली. त्यांच्या मते ताईच्या मागची भिंत फार अडाणी दिसत होती.

"मागे पुस्तकं हवीत," बाबा म्हणाले. "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, पोरगी वाचते."

"बाबा, त्यांनी माझे मार्क बघितलेत."

"मार्क वेगळे, भिंत वेगळी."

गुरुवारी दुपारी शेजारच्या वकिलांकडून कायद्याचे जाडजूड ग्रंथ आले, ते ठेवायला फळी आली, फळी ठोकायला ड्रिल मशीन आलं. बाबांनी भिंतीवर पेन्सिलने खूण केली, दोनदा मोजली आणि बरोबर विजेच्या तारेत भोक पाडलं. फट्‌ असा आवाज झाला. पंखा थांबला, वायफाय मावळलं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन "कोणी केलं हे?" असं विचारू लागल्या. बाबा हातात मशीन घेऊन उभे होते. केस उभे होते, पण माणूस शाबूत होता.

"भिंतीतच दोष आहे," ते म्हणाले.

मोबाइलचं इंटरनेट त्या गल्लीत लहर लागली तरच चाले. तीन वाजायला थोडाच वेळ होता. ताईने मनातल्या मनात हिशेब केला. ऑफिस रिक्षाने जवळ होतं, नेट तिथे झकास होतं, आणि साहेब गुरुवारी दुपारी एका गिऱ्हाइकाकडे जाणार होते. तिने लॅपटॉप उचलला, जबड्याला ओढणी बांधली आणि निघाली.

वॉचमनने ओढणी बघून चुकचुकत दार उघडलं. ताई थेट नमुन्यांच्या खोलीत शिरली. तिथे छतापर्यंत खोकी रचलेली होती, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. एका रिकाम्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून, ओढणी सोडून, केस नीट करून ती बसते न बसते तोच पडद्यावर प्राध्यापक बाई आल्या. पिकलेले केस, गोल चष्मा, मऊ आवाज.

"तुमच्या मागे काय आहे?" बाईंनी कौतुकाने विचारलं.

"आमची खोकी," ताई म्हणाली, आणि मग तिला थांबवणं कठीण झालं. कोपरा आधी का चिरडला जातो, पुठ्ठ्याच्या घड्या उभ्या का हव्यात, सगळं ती हातवारे करून सांगू लागली. बाई पुढे झुकून ऐकत होत्या. मुलाखत अशी रंगली की ताईला वाटलं, बाबांनी तार तोडली हे बरंच झालं.

तेवढ्यात बाहेर बुटांचा आवाज आला. टाचेवर जरा जास्त जोर. ते बूट ताई झोपेतही ओळखू शकली असती. गिऱ्हाइकाने भेट रद्द केली होती.

वाक्य अर्धं टाकून तिने ओढणी उचलली आणि भराभरा जबड्याला बांधली. पडद्यावरच्या बाई हे सगळं शांतपणे बघत राहिल्या. दार उघडलं.

"ताई? अगं, तू इथे कशी?" साहेबांनी विचारलं. मग त्यांना पडदा दिसला. "आणि या कोण?"

"डॉक्टर," ताईच्या तोंडून निघालं. आणि ते खोटं नव्हतं. बाई पीएच.डी. होत्या.

साहेबांचा चेहरा मायेने भरून आला. "घरी नेट नाही म्हणून दाढ दाखवायला इथवर आलीस? आणि तीही परदेशातल्या डॉक्टरला? सरक जरा. तुला बोलायला त्रास होतोय, मी सांगतो."

ताईने मान हलवली, हात हलवले, पण साहेब एक भक्कम खोकं ओढून शेजारी बसलेसुद्धा.

साहेबांचं इंग्रजी धाडसी होतं. ते विचार मराठीत करत आणि शब्द तेवढे बदलत. मराठीत दरवाजा तो, म्हणून इंग्रजीतही 'ही'. मराठीत दाढ ती, म्हणून इंग्रजीतही 'शी', 'इट' कधीच नाही. आजवर यात त्यांचं काही अडलं नव्हतं.

"नमस्कार डॉक्टर. मी हिचा साहेब. तिच्याबद्दल मीच सांगतो."

बाईंना आनंद झाला. "फार छान. तुमचं मत मला हवंच होतं. कशी आहे ती?"

"वाईट," साहेब म्हणाले.

"वाईट?"

"फार. वरून बघाल तर पांढरीशुभ्र, कोणाला शंका यायची नाही. आतून पार किडलेली."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"सोमवारी. पण मला विचाराल तर ती पहिल्यापासूनच वाकडी असणार. शेजारच्यांना ढकलते. तिच्यापायी बाकीचे चांगलेसुद्धा हलायला लागतात."

"आणि तिचं काम? ते तरी ठीक करते ना?"

"तिचं काम एकच, चावणं," साहेब म्हणाले. "हल्ली तेही धड करत नाही."

बाई लिहून घेत होत्या. ताई ओढणीच्या आतून "ऊं, ऊं" करत होती.

"बघा," साहेब कळवळून म्हणाले, "नुसता विषय निघाला तरी कळ येते."

"मग तुम्ही सुचवता काय?"

"काढून टाका. मुळासकट. दयामाया दाखवू नका. आरडाओरडा होईल, पण दोघांनी घट्ट धरलं की झालं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "इतकं मोकळेपणाने माझ्याशी कोणीच बोललं नव्हतं. मला वाटतं, आपण इथेच थांबावं." आणि त्यांचा हात पडद्याबाहेर, बहुधा बंद करायच्या बटणाकडे गेला.

ताईला त्या क्षणी दोन्ही वाटा लख्ख दिसल्या. गप्प राहिली तर नोकरी वाचत होती आणि एम.एस. जात होती. बोलली तर बहुधा दोन्ही जाणार होत्या. पण आपल्याला किडकी म्हणून एका भल्या बाईने कायमचं लक्षात ठेवावं, हे काही तिला सोसेना. तिने ओढणी ओढली. गाठ सुटेना, म्हणून ती खसकन खाली गळ्यात ओढून घेतली आणि एका दमात दोन भाषांत बोलून टाकलं. बाईंना सांगितलं की हे दाढेबद्दल बोलतायत. साहेबांना सांगितलं की ही माझ्या प्रवेशाची मुलाखत आहे.

खोलीत पुठ्ठ्याचा वास तेवढा उरला.

"म्हणजे दुखत नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"जराही?"

"जराही नाही."

"आणि मी सोमवारपासून त्या चिडक्या काचवाल्या गिऱ्हाइकाचे फोन घेतोय."

ताईने मान खाली घातली. पडद्यावर बाई दिसत नव्हत्या. त्या टेबलाखाली वाकल्या असाव्यात, कारण खुर्ची हलत होती. बऱ्याच वेळाने त्या वर आल्या, तेव्हा चष्मा हातात होता आणि डोळे ओले होते.

"आता दाढ बाजूला ठेवून सांगा," त्या साहेबांना म्हणाल्या. "ही मुलगी कशी आहे?"

साहेब उठून उभे राहिले. ते निघून जाणार असं ताईला वाटलं. पण ते मागच्या फळीपाशी गेले आणि तिथलं एक खोकं घेऊन आले. एक कोपरा चेपलेला, अंगावर चिखलाचे जुने डाग.

"हे हिने केलं," ते म्हणाले. "यात इस्पितळाच्या बाटल्या होत्या. गाडी घाटात उलटली. ड्रायव्हरचा हात मोडला, बाटली एकही फुटली नाही. ड्रायव्हर मला अजून विचारतो, साहेब, मला त्या खोक्यात का नाही बसवलंत." त्यांनी खोक्यावरची धूळ तळव्याने पुसली. "खोटं तिला बोलता येत नाही, ते तुम्ही पाहिलंतच. खोकं मात्र तिच्यासारखं कोणाला जमत नाही. म्हणून माझं ऐका, तिला घेऊ नका. मला लागते ती."

बाईंनी तेही लिहून घेतलं. साहेब खोकं काखेत मारून बाहेर गेले आणि दार इतकं हळू लावलं की आपटलं असतं तर बरं, असं ताईला वाटलं.

त्यानंतर साहेब तिच्याशी फक्त सेंटिमीटरमध्ये बोलत. लांबी, रुंदी, उंची, संपलं. आणि मग एका सकाळी ती ईमेल आली. अभिनंदन, आपल्याला प्रवेश दिला आहे. ताईने पहिली ओळ वाचून किंकाळी फोडली. बाबांनी तीच ओळ फोनवर इतक्या जणांना वाचून दाखवली की ती त्यांना पाठ झाली. ताई साहेबांसमोर उभी राहिली आणि तिने बातमी सांगितली.

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं. मग म्हणाले, "शुक्रवारी निरोप समारंभ करू. सोमवारपासून येऊ नकोस. व्हिसा, तिकीट, खरेदी, तुला कामं पुष्कळ."

आणि समारंभ झालाही थाटात. साहेबांनी भाषणात दाढेची गोष्ट नक्कल करून सांगितली. वॉचमनसुद्धा डोळे पुसत होता, हसून की रडून ते कळलं नाही. शेवटी ताईला एक देखणं भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. ताई इतकी रडली की तिचं भाषण राहूनच गेलं.

रविवारी आई चष्मा लावून ती ईमेल वाचायला बसली. आई कुठलाही मजकूर शेवटपर्यंत वाचते, अगदी औषधाच्या पाकिटावरचासुद्धा.

"ताई," ती म्हणाली, "यंदाच्या जागा भरल्या म्हणतायत. तुझी जागा पुढच्या वर्षीच्या तुकडीत राखून ठेवलीय. तू खालचं वाचलंस ना गं?"

बाबांनी फोन खाली ठेवला. ताईने खालचं वाचलं. दोनदा वाचलं, पण वर्ष काही बदललं नाही.

सोमवारी ती ऑफिसात शिरली तेव्हा वॉचमनने तिच्याकडे दोनदा बघून दार उघडलं. तिच्या टेबलावर कोणीतरी खोक्यांची चळत रचून ठेवली होती. ती एकेक खोकं उतरवू लागली. साहेबांनी काचेच्या केबिनमधून सगळं बघितलं. ताईने तिथे जाऊन, नजर चुकवत, सगळं सांगितलं.

"असं," साहेब म्हणाले. त्यांनी समोरचा कागद तिच्याकडे सरकवला. "काचवाल्याला नवं खोकं हवंय. आता त्याचे फोन तूच घे."

"हो, साहेब."

ती दारापर्यंत पोचली, तोच मागून आवाज आला.

"आणि ताई, उद्या येताना ते घड्याळ घेऊन ये. पुढच्या वर्षी तेच देऊ."