भिंतीवरचा नंबर

पाणीपुरवठा कार्यालयाच्या लांबलचक भिंतीवरचं चित्र पुरं झालं, तेव्हा साहेब बाहेर येऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खाली तुमचा नंबर टाका. उद्या रंग उडाला तर धरायचं कोणाला?"

चाकोबाने टाकला. चांगला हातभर उंचीचा, निळ्या रंगात. सही मात्र कोपऱ्यात, मुंगीएवढी.

पन्नाशी उलटली तरी तो स्केटबोर्डवरून हिंडायचा, म्हणून सगळे त्याला चाकोबा म्हणत. तरुणपणी तो स्केटबोर्डच्या खालच्या अंगाला चित्रं काढायचा. वरच्या अंगाला पाय असतात, तिथे चित्र काढून उपयोग काय? पण पोरं त्या फळ्या कठड्यांवरून घासत न्यायची आणि बघता बघता चित्र साफ व्हायचं. त्याची सगळ्यात चांगली चित्रं अशी जमिनीकडे तोंड करून जगली आणि झिजून गेली. मग तो भिंतींकडे वळला. एका मासिकाने त्याला 'द्रष्टा कलावंत' म्हटलं. द्रष्टा म्हणजे ज्याला पुढचं दिसतं तो. चष्म्याशिवाय चाकोबाला ताटातलं दिसत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

या भिंतीवर त्याने अख्खं शहर चाकांवर काढलं होतं. घरं, जिने, गच्च्या, सगळं घरंगळत एकमेकांकडे निघालेलं. त्याची स्वतःची खरीखुरी खोली मात्र जागच्या जागी होती. तिच्यात रंगाचे डबे, एक खुर्ची आणि एक फोन. तो वाजला तर विमा विकायला वाजायचा.

चित्राला आठवडा झाला असेल, फोन वाजला.

"भिंतीवरचा नंबर बघून केलाय," एक बाई म्हणाली.

चाकोबा उठून उभाच राहिला. "बोला ना. कसं वाटलं?"

"वाटायचंय काय? कालपासून थेंब नाही."

"थेंब मुद्दामच दाखवला नाही," तो उत्साहाने म्हणाला. "पाणी नुसतं सुचवलंय."

"सुचवून बादली भरत नाही, भाऊ. कधी सोडताय ते सांगा."

घोटाळा त्याच्या लक्षात आला, पण राँग नंबर म्हणून ठेवून द्यायला मन होईना. भिंत बघून फोन करणारं हे पहिलंच माणूस. त्याने पत्ता विचारून घेतला आणि कार्यालय गाठलं.

"तक्रार इथे घेत नाही. फोन करा," खिडकीतला कारकून म्हणाला.

"कुठल्या नंबरवर?"

कारकुनाने मान वर न करता अंगठ्याने भिंत दाखवली. कार्यालयाचा फोन केव्हाच बंद पडला होता, आणि हा नंबर त्याला आयता सापडला होता.

चाकोबा फळीवर चढला आणि टाकीपाशी गेला. पाणी सोडणारा माणूस सावलीत पहुडला होता. त्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचाच राहिला होता. संध्याकाळी बाईंचा पुन्हा फोन आला. "आलं हो पाणी. भलं होवो तुमचं." इतक्या वर्षांत चाकोबाच्या कलेला अशी सरळ दाद कोणी दिली नव्हती.

मग फोनवर फोन सुरू झाले. कोणाची नळी फुटलेली, कोणाला गढूळ पाणी. चाकोबा फळीवरून गावभर पळायचा. ब्रश वाळून काटक्या झाले. एक निवृत्त शिक्षिका मात्र रोज सकाळी फोन करायच्या.

"आज पाणी आलं," त्या सांगायच्या.

"मग तक्रार काय, बाई?"

"तक्रार कुठे केली? आलं ते कळवलं. वाईट तेवढंच कळवायचं का?"

एकदा त्यांनी विचारलं, "त्या भिंतीवर घरांना चाकं कशाला काढलीत हो?"

"कोणी काढलीत कोण जाणे," तो म्हणाला. "जवळ येता यावं म्हणून असतील."

बाई म्हणाल्या, "माझ्या घराला चाकं असती तर मी ते मुलीच्या दारात नेऊन उभं केलं असतं."

"मग?"

"मग तिनेही तिच्या घराला चाकं लावली असती."

त्याच धांदलीत आणखी एक फोन आला. "आम्ही संग्रहालयातून बोलतोय. तुमच्यातला प्रवाह आम्हाला फार भावतो. तो मोठ्या प्रमाणावर हवाय."

"मोठ्या प्रमाणावर जमणार नाही. दाब नाही."

"छे, आम्ही कसलाच दाब आणणार नाही. तुम्ही मोकळे—"

"मोकळं सोडलं की खालच्या वस्तीला मिळत नाही. सकाळी तासभर, आणि सगळ्यांना सारखं. भांडी भरून ठेवा." त्याने फोन ठेवला, कारण दुसरा वाजत होता.

पुढच्या महिन्यात मासिकात मोठा लेख आला: 'सगळ्यांना सारखं! द्रष्ट्या कलावंताने संग्रहालय नाकारलं.' तो वाचल्यावर कुठे चाकोबाला तो फोन कशासाठी होता ते कळलं. खुलासा करावा, तर आत्ता कुठे मिळालेलं मोठेपण जाणार. न करावा, तर संग्रहालय जाणार. संग्रहालय गेलं.

तोवर तक्रारी झटपट मिटवल्याबद्दल कार्यालयाचं वरून कौतुक झालं होतं. एके दिवशी साहेब स्वतः त्याच्या खोलीत आले.

"तुमचा नंबर लोकांना पाठ झालाय. आता तो खात्याच्या नावावर करू."

"आणि मी?"

"तुम्ही नवा घ्या. तुम्हाला कोण फोन करतं?"

चाकोबाने नंबर देऊन टाकला.

नवा फोन निपचित पडून राहिला. एका दुपारी त्याने स्वतःच जुना नंबर फिरवला. ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, "आपण रांगेत आहात." तो बराच वेळ कानाला फोन लावून बसला. रांग म्हणजे पुढेमागे कोणीतरी असणारच.

तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. रोज फोनवर ऐकून पत्ता पाठच झाला होता. तो शिक्षिकाबाईंच्या दाराशी जाऊन उभा राहिला. दार उघडणारी बाई आवाजावरून वाटली होती त्याहून बरीच ठेंगणी होती.

"पाणीखात्याचा मी," तो चाचरत म्हणाला. "म्हणजे, होतो. तुमच्याकडे पाणी येतंय का बघायला आलो."

बाईंनी आवाज ओळखला. त्याला वरपासून चाकांपर्यंत न्याहाळलं.

"नाही ना येत," त्या म्हणाल्या. "आत या. बसून नीट बघावं लागेल."

आत नळ धो धो वाहत होता. बादली भरून पाणी बाहेर सांडत होतं. चाकोबाने दाराशी चपला काढल्या आणि म्हणाला, "हो, काम वेळखाऊ दिसतंय."